किल्ली अक्कांकडे होती

प्रमिलाअक्का फोनवर तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलत नसत. बोलणं रंगात आलेलं असो, पलीकडे कोणी रडत असो, नाहीतर खुद्द मंडळाचे अध्यक्ष असोत, तीन मिनिटं झाली की "बरं, ठेवते" म्हणत आणि खरोखरच ठेवत. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडण्यात त्यांची हयात गेली होती. तेव्हाचा कॉल तीन मिनिटांचा. एक्स्चेंजमधल्या त्या खुर्च्या गेल्या, बोर्ड गेला, पण अक्कांच्या डोक्यातलं घड्याळ चालूच राहिलं. "तीन मिनिटांत ज्याला सांगता येत नाही, त्याला मुळात सांगायचंच नसतं," असं त्यांचं मत होतं. माझ्या बायकोला हे मत अजिबात पटायचं नाही.

हेडफोन लावून लावून त्यांचा उजवा कान मंद झाला होता. म्हणून आलेल्या माणसाला त्या आपल्या डाव्या हाताला बसवत. फोनवर कधी कोणाचं नाव घेत नसत. "ते दोंडाईचावाले," "त्या साक्रीच्या बाई," एवढंच. नाव घेणं भागच पडलं तर एकेक अक्षर सुटं करून सांगत, जळगावचा ज, धुळ्याचा ध, आणि शेजारच्या खोलीत कोणी आहे का ते आधी बघत. देवपुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत त्या एकट्याच राहायच्या. बाकी शेजारची खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि तिथे एक मांजर.

मी जळगावला वेबसाइट बनवतो. आम्ही तिघे मित्र मिळून हे काम करतो. शाळा, पतपेढ्या, दवाखाने, बियाण्याची दुकानं, अशी आमची गिऱ्हाइकं. त्यातच आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाचं काम आलं. मंडळ जुनं. दरवर्षी परिचय मेळावा भरवायचा, परिचय पुस्तिका छापायची, आणि ती घेऊन लोकांनी गावोगाव फिरायचं. पुस्तिकेतली सगळी माहिती वर्षानुवर्षं अक्का जमवत. आता ती वेबसाइटवर आणायची ठरलं होतं.

पहिली बैठक जळगावला मंडळाच्या हॉलमध्ये झाली. दहा-बारा पुरुष आणि एकट्या अक्का. पुरुषांनी पाऊण तास अध्यक्षांचा फोटो किती मोठा असावा यावर घालवला. गुलाबी रंग चालेल की भगवा हवा, यावर दोघांत थोडी बाचाबाचीही झाली. अक्का गप्प. सगळं संपल्यावर त्यांनी मला हाताने खूण करून डावीकडे बसवलं आणि विचारलं, "हे सगळं राहतं कुठे?"

"क्लाउडमध्ये, अक्का. रोज पहाटे साऱ्या साइटची एक नक्कल आपोआप निघते आणि तिथे जाऊन बसते. उद्या साइट बिघडली तरी काही हरवत नाही."

"तिथे म्हणजे कुठे? जागा असेल ना काही?"

मी अडखळलो. लोक हा प्रश्न विचारत नाहीत. क्लाउड म्हटलं की मान हलवतात. "म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या कम्प्युटरवर," मी म्हणालो. "तो कुठे आहे ते मलाही माहीत नाही."

"दुसऱ्याच्या घरात आपली पेटी ठेवायची," अक्का म्हणाल्या. "ठेवू. पण कुलूप आपलं पाहिजे, आणि किल्ली घरमालकाकडे नको. तुझ्याकडेही नको, भाऊ. राग मानू नको."

राग कसला मानायचा. आमच्या धंद्यातली मोठमोठी माणसं भाषणं करून जे सांगतात, ते या बाईंनी एका दमात सांगितलं होतं. मी तसंच केलं. प्रत्येक नक्कल कुलूपबंद होऊनच क्लाउडवर जाईल आणि अक्कांचा परवलीचा शब्द टाकल्याशिवाय उघडणार नाही, अशी सोय लावून दिली. शब्द त्यांनीच ठरवला आणि कुठेही लिहून ठेवला नाही. टाइप करताना त्या पदराचं टोक कीबोर्डवर धरत आणि मला म्हणत, "भिंतीकडे बघ." भिंतीवर पंचांग होतं. मला त्या वर्षीचे सगळे मुहूर्त पाठ झाले.

या बाई एवढी काळजी घेतात ती कशाची, ते मला पुढे कळलं. साइटवरची माहिती सगळ्या जगाला दिसणारी, म्हणजे उंची, शिक्षण, शेती, मामाकुळ, आणि वर्ण. वर्णाच्या रकान्यात अख्ख्या खान्देशात सावळं कोणी नव्हतंच, सगळे निमगोरे. पण अक्कांनी माझ्याकडून आणखी एक रकाना करवून घेतला होता, फक्त त्यांनाच दिसणारा. त्याला त्या 'आतली टीप' म्हणत. पहिलं लग्न सहा महिन्यांत मोडलंय. पायावर कोडाचा डाग आहे. मुलाचा भाऊ दारू सोडवण्याच्या केंद्रात आहे. हे सगळं त्या त्या घरातल्या माणसांनी अक्कांना आपणहून सांगितलेलं असायचं, बहुतेक वेळा आयांनी, स्वयंपाकघरात, दार लोटून.

अक्कांची एक पद्धत होती. आतली टीप त्या दुसऱ्या बाजूला कधी सांगत नसत. पण ती लपवून सोयरीकही जुळवत नसत. पहिली बैठक पोह्यांची. दुसऱ्या बैठकीआधी त्या मुलीला किंवा मुलाला एकट्याला गाठत आणि म्हणत, "तुझं तू सांग. आजच सांग. मी सांगणार नाही, पण तू सांगितल्याशिवाय तिसरी बैठक होऊ देणार नाही." मग मुलगा-मुलगी गच्चीवर नाहीतर मळ्यात बोलत आणि अक्का खाली शेंगा सोलत बसत. कितीतरी सोयरिकी तिथे मोडल्या. पण ज्या टिकल्या त्या घट्ट टिकल्या. आणि लग्न लागलं की त्या दिवशीच अक्का ती टीप पुसायच्या. पूर्वी वहीचं पान फाडून चुलीत टाकत, आता बटण दाबत.

त्यांच्या या स्वभावाची एक गोष्ट त्यांच्याच धाकट्या बहिणीने मला सांगितली. बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडच्यांनी नाशिकच्या मामाला ट्रंककॉल लावला तो नेमका अक्कांच्या बोर्डावर आला. लाइन लागली की नाही ते बघायला ऑपरेटरला क्षणभर कान द्यावा लागतो. तेवढ्यात अक्कांनी ऐकलं, "मुलगी नापसंत आहे, पण दुसरीकडे पक्कं होईपर्यंत त्यांना कळवू नका." अक्का घरी आल्या. आई साड्या बघत होती. आठ दिवस त्या काही बोलल्या नाहीत. नकाराचं पत्र आल्यावर, अक्का इतके दिवस गप्प का होत्या ते बहिणीच्या लक्षात आलं आणि तिने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मना कानले माहीत व्हतं," अक्का म्हणाल्या. "माले नही."

बहीण वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. मला सांगतानाही तिच्या आवाजात तो राग होता, आणि थोडा अभिमानही होता.

आता माझं. आमच्या कामात एक गोष्ट कटाक्षाने करावी लागते. बॅकअप अधूनमधून उघडून बघायचा. ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी तो उघडलाच नाही तर काय घ्या. आणि उघडायचा म्हणजे अक्का हव्यात. मी फोन करून शब्द विचारला तर म्हणाल्या, "फोनवर? मी चौतीस वर्षं फोनच्या पोटात बसलेली आहे. फोन काय असतो ते मला विचार." म्हणून दर महिन्याला मी जळगावहून एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जायचो. अक्का शेवभाजी-भाकरी जेवू घालायच्या, मी भिंतीकडे बघायचो, त्या शब्द टाकायच्या, मी बॅकअप तपासायचो आणि परत निघायचो. चार-पाच खेपांनंतर मला कंटाळा आला. खरं सांगायचं तर एवढंच कारण, कंटाळा. मी मंडळाच्याच क्लाउड खात्यात दुसरं एक फोल्डर केलं आणि रोजची एक जादा नक्कल बिनकुलपाची तिथे जाईल असं लावून टाकलं. तपासायला सोपं. कोणाला सांगितलं नाही. धुळ्याच्या खेपा हळूहळू कमी झाल्या. अक्कांनी कधी विचारलंच तर म्हणायचो, "साइट नवीन आहे, बिघडत नाही."

ज्योतीचं लग्न त्याच सुमारास झालं. धरणगावजवळच्या एका गावातली मुलगी, बी.ए. झालेली, हसरी. तिला सोळाव्या-सतराव्या वर्षी फिट्स येत असत. औषधाने त्या थांबल्या आणि पुढे औषधही थांबलं. तिच्या आईने हे अक्कांच्या कानावर घातलं होतं. साक्रीकडचं स्थळ आलं. मुलाचं शेतीअवजारांचं दुकान, माणसं बरी. दुसऱ्या बैठकीला ज्योतीने मुलाला सगळं सांगितलं, अगदी अक्कांच्या समोर. मुलगा म्हणाला, "मला चालेल. फक्त आईला सांगू नका. ती घाबरट आहे." अक्कांना हे फारसं आवडलं नाही, पण त्या दोघांनी मिळून ठरवलेलं म्हणून त्या गप्प राहिल्या. निघताना ज्योतीने त्यांचा हात धरला. अक्का म्हणाल्या, "लग्न लागलं की माझ्याकडे तुझं काही उरणार नाही."

लग्नाच्या दिवशी मांडवातूनच त्यांनी मला फोन केला. मागे बँड वाजत होता. "मी टीप पुसली. पुसलं म्हणजे पुसलं ना रे भाऊ? कुठेच नाही ना?"

"हो, अक्का," मी म्हणालो.

साइटवरून ती गेली होती. पण आदल्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नकलांमध्ये होती, कुलपातल्या आणि बिनकुलपाच्या. जुन्या नकला काढून टाकायच्या असतात, त्याचा एक नियम लावून द्यायचा असतो. तो मी लावलेलाच नव्हता. मला हे माहीत नव्हतं असं नाही. बँड वाजत होता, समजावून सांगायला तीन मिनिटं पुरली नसती, आणि हो म्हणणं सोपं होतं.

पाच वर्षं गेली. ज्योतीला मुलगी झाली. मग मंडळाच्या डोक्यात स्मरणिकेची कल्पना आली, मंडळातर्फे लग्न झालेल्या जोडप्यांचे लग्नाआधीचे आणि नंतरचे फोटो छापायचे. लग्नाआधीचे जुने फोटो साइटवर राहिले नव्हते, ते फक्त बॅकअपमध्ये होते. छापखान्याला लगेच हवे होते. सेक्रेटरी रोज तीनदा फोन करत. आणि अक्का नेमक्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्यात दवाखान्यात होत्या, डोळ्याला पट्टी. कुलपाची नक्कल उघडायची सोय नव्हती. माझ्याकडे बिनकुलपाची होती. मी ते फोल्डर 'ज्याच्याकडे लिंक असेल त्याला उघडेल' असं केलं आणि मंडळाच्या मेलवरून लिंक छापखान्याला पाठवून दिली. त्या मेलवर नाव अक्कांचं यायचं. फोटो उतरवून घेतले की संध्याकाळी फोल्डर बंद करू, असं ठरवलं. संध्याकाळी एका पतपेढीची साइट बंद पडली आणि मी विसरलो.

अकरा दिवस ते दार सताड उघडं होतं. फोटोंच्या शेजारी माहितीची अख्खी फाइल होती, आतल्या टिपांसकट, कोणालाही तक्त्यासारखी वाचता येईल अशी. छापखान्याने लिंक फोटो निवडणाऱ्यांना दिली, त्यांनी आणखी कोणाला. कोणीतरी कुतूहलाने ती फाइल उघडली. मग स्क्रीनचे फोटो निघाले आणि मोबाइलवरून गावोगाव गेले. किती घरांत काय काय झालं ते मला पूर्ण कधीच कळलं नाही, आणि कळून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. ज्योतीचं कळलं. तिच्या सासूच्या चुलतभावाने ती ओळ सासूला वाचून दाखवली. सासूने मुलाला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मुलगा नाही म्हणाला. चार दिवसांनी ज्योती मुलीला घेऊन माहेरी आली.

मी धुळ्याला गेलो आणि अक्कांना सगळं सांगितलं. बिनकुलपाचं फोल्डर, पुसलेलं न पुसलं जाणं, लिंक, मेल, सगळं. त्या मला ओरडतील असं वाटलं होतं. त्या बराच वेळ बोटांनी काळा चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "नकला किती शेतस?"

"बऱ्याच."

"माझ्यासमोर पुस. एकेक."

मला सगळ्या एकदम काढता आल्या असत्या. पण त्या डावा कान माझ्याकडे करून शेजारी बसल्या आणि मी एकेक तारीख मोठ्याने वाचत पुसत गेलो. ऑपरेशनच्या डोळ्यातून त्यांना पाणी येत होतं आणि ते त्या रुमालाने टिपत होत्या. दुपार सगळी त्यात गेली. जी माहिती लोकांच्या मोबाइलमध्ये गेली होती ती यातून परत येणार नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. तरी त्यांनी एकही तारीख सोडू दिली नाही.

नंतर त्या साक्रीला जाऊन आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाची तरी आतली गोष्ट आपल्या तोंडाने सांगितली. सासूला म्हणाल्या, तुमच्या मुलाला सगळं माहीत होतं, पोरीने माझ्यासमोर सांगितलं. मुलगा खाली बघून म्हणाला, मला आठवत नाही. सासू म्हणाली, आता तुमच्यावर कोणी विश्वास ठेवायचा. अक्का परत आल्या.

मंडळाची बैठक त्याच हॉलमध्ये झाली. सगळे खवळलेले. सेक्रेटरींनी मेल काढून दाखवला, त्यावर अक्कांचं नाव. मी भिंतीशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. आता त्या माझं नाव घेतील म्हणून मी वाट बघत होतो, आणि खोटं कशाला बोलू, घेतलं तर काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवतही होतो. अक्का उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे होती. दुसऱ्या कोणाकडे नव्हती. मग जबाबदारी माझी." आणि बसल्या.

सगळ्यांना ते पटलं. किल्ली अक्कांकडेच असते हे साऱ्या समाजाला माहीत होतं, मीच ते कौतुकाने सगळीकडे सांगितलं होतं. मेल गेला त्या दिवशी अक्कांच्या डोळ्याला पट्टी होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी उभा राहिलो नाही. खोलीत आमची तीन गिऱ्हाइकं बसली होती, एक पतपेढीचा चेअरमन, एक शाळेचा संस्थाचालक, एक डॉक्टर. त्या क्षणी मी त्यांची तोंडं बघत होतो.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "अक्का, तुम्ही असं का केलंत?"

"कोनी करं तेनाथून ती पोरले काय फरक पडस?" त्या एकेक पायरी चाचपत उतरत म्हणाल्या. "आनि शब्द तिले मी देयेल व्हता. तू नही."

यात मला माफी होती की दोषारोप होता, ते मी आजवर ठरवू शकलेलो नाही. तेव्हा मी ते माफी म्हणून घेतलं, कारण मला तेच सोयीचं होतं.

मंडळाने साइट बंद केली. अक्कांनी काम सोडलं, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलं, दोन्ही एकच. ज्या बायका पूर्वी दार लोटून त्यांच्याशी बोलत, त्या लग्नकार्यात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवू लागल्या. अक्कांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. दुखावल्या होत्या. आवाज खाली गेला होता, आणि फोन आता तीन मिनिटांआधीच ठेवायच्या.

चैत्रात त्यांचा मला फोन आला. "धरणगावकडे न्यायला येशील का? एस.टी.चं जमत नाही आता." मी मित्राची गाडी घेऊन गेलो. ज्योतीच्या माहेरी ओसरीवर सतरंजी टाकली होती. तिचे वडील नमस्कार करून बाहेर निघून गेले. ज्योती खांबाला टेकून उभी राहिली. बरीच वाळली होती. मला ती ओळखत नव्हती, मी अक्कांचा ड्रायव्हर असेन असं तिला वाटलं असावं. मी एका कडेला बसलो.

अक्कांनी तब्येत विचारली, पोरीचं विचारलं. ज्योती हो-नाही करत राहिली. मग म्हणाली, "अक्का, माले एकच सांगा. कोनी सांगं?"

मी सतरंजीकडे बघत होतो. अक्कांनी माझ्याकडे मान वळवली असती तर मी बोललो असतो, असं मला अजूनही वाटतं. त्यांनी वळवली नाही.

"मनाकडथून गयं," त्या म्हणाल्या.

ज्योती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मना बापले मी म्हणे, बठ्ठी दुनिया सांगी देई, अक्का नही सांगाव." मला तिथे बसवेना. मी उठलो आणि बोळात गाडी वळवायला गेलो.

अक्का त्या श्रावणात गेल्या. झोपेतच, मांजर पायाशी. माणसं थोडी आली. ज्योतीकडचं कोणी आलं नाही. दशक्रियेनंतर दोन दिवसांनी मी तिचा नंबर मिळवला आणि फोन लावला. ती आता धरणगावला एका शाळेत शिकवते. मी कोण ते सांगितलं, आणि मग सगळं, कंटाळ्यापासून विसरण्यापर्यंत, एकही गोष्ट न गाळता. हे मी मंडळाच्या हॉलमध्ये सांगायला हवं होतं, नाहीतर त्या ओसरीवर, आणि ते सांगायला मी अक्का मरायची वाट बघितली. तीन मिनिटांत सांगून झालं.



"त्या दिवशी सतरंजीवर होतात, ते तुम्हीच का?" तिने विचारलं.

"हो."

"मी विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

"हो."

"तुम्ही गाडीकडे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं," ज्योती म्हणाली. "मी ऐकलं आणि आत गेले. दार लावून घेतलं. त्या ओसरीवर उभ्या होत्या, मला फटीतून दिसत होत्या. बऱ्याच वेळाने चपला शोधून त्या निघाल्या. आता हे मी कोणाला सांगू?" आणि तिने फोन ठेवला. मी परत लावला तो तिने उचलला नाही, आणि त्यानंतर कधीच उचलला नाही.

मला ती दुपार आठवते. अक्का बोळाच्या भिंतीला हात लावत लावत गाडीपर्यंत आल्या, बसल्या, आणि काही न बोलता माझी पाण्याची बाटली उचलली. मान वर करून, मधे न थांबता, सगळी संपवली. थोडं पाणी गळ्यावरून पातळावर सांडलं. मी म्हणालो, "ऊन फार आहे, अक्का."

"हा रे भाऊ," त्या म्हणाल्या. "ऊन शे."